दाताची तार अर्ध्यावर सोडली तर...

उसाचा हंगाम संपला की आमच्या केज, धारूर, वडवणी भागातली गावे पुन्हा भरतात. दसऱ्यानंतर कुलूप लागलेली घरे मार्चअखेर उघडतात, अंगणात चुली पेटतात आणि १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी गोळा होऊ लागते. मागच्या हंगामात आमचे भाऊ-भावजयही असेच परतले. सोबत थोरली पुतणी होती. वय वर्षे तेरा, आठवीत शिकणारी. ट्रॅक्टरमधून उतरली ती ओढणी तोंडाला लावूनच. आम्हाला वाटले, धुळीमुळे असेल. पण घरात येऊन जेवायला बसली तेव्हाही तिने भाकरीचा तुकडा कालवणात भिजवून, ओठ मिटूनच गिळला.

तिच्या दातांना तार होती. आदल्या जूनमध्ये आम्हीच ती बसवून आणली होती. वरचे दात एकमेकांवर चढलेले, सुळे बाहेर आलेले, शाळेत पोरी चिडवायच्या. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून आम्ही तिला तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. दातांना जागा करण्यासाठी डॉक्टरांनी चार उपदाढा काढल्या. "दर महिन्याला यावे लागेल, दोन वर्षे धरून चाला," असे त्यांनी बजावले होते.

दिवाळीपर्यंत आम्ही पाच वेळा गेलो. दात डोळ्यांना सरळ दिसू लागले. तेवढ्यात फडावरून निरोप आला, तान्ह्या भावाला सांभाळायला कोणी नाही, पोरीला पाठवा. आमचा जीव खालीवर झाला. पण पोरगीच म्हणाली, "काका, दात तर सरळ झाले. आता कामून जायचं दर महिन्याला?" आम्हालाही ते पटले. डॉक्टरांना न सांगता आम्ही तिला पाठवून दिले. चूक झाली ती इथेच.

पाच महिन्यांत दोन ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेल्या त्या बारीक चकत्या, ऊस खाताना निघाल्या. सुटलेले तारेचे टोक गालात रुतू लागले, तेव्हा भावाने ते पकडीने कापले. हिरड्या सुजल्या. ब्रॅकेटच्या भोवती दातांवर खडूसारखे पांढरे डाग पडले. एक दात तर फिरून पुन्हा जवळजवळ पहिल्या जागी गेला. जयंतीच्या आधीच आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर आधी रागावले, मग सगळी हकीकत ऐकून गप्प झाले. पोरीने त्यांना एकच प्रश्न विचारला, "माझे काढलेले चार दात परत येतील का?"

ते पक्के दात होते. परत येणार नव्हते.

ही गोष्ट केवळ आमच्या घरची नाही. आजकाल आपल्या वस्तीतल्या, वाड्या-तांड्यांवरच्या मुलामुलींच्या दातांनाही तार दिसू लागली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. नीट दात हे काही श्रीमंतांच्याच पोरांचे लेणे नव्हे. पण सुरू केलेला उपचार मध्येच सुटला तर काय होते, हे आपल्याला कोणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

दात सरकतो तो कसा?

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ पडदा असतो. तारेने दातावर हलका, पण सतत दाब दिला की दात ज्या बाजूला ढकलला जातो तिकडचे हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात हाडातून वाट काढत सरकतो. हा वेग फार कमी असतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर वाढवून तो वाढवता येत नाही. उलट मुळाला इजा होते.

आता साधा हिशेब करा. उपदाढ सुमारे सात मिलिमीटर रुंद असते. ती काढल्यावर राहिलेली फट भरून यायला सात-आठ महिने सहज लागतात. त्याआधी वाकडे दात एका ओळीत आणायचे असतात, आणि फट भरल्यावर वरचे व खालचे दात एकमेकांवर बरोबर बसवायचे असतात. म्हणूनच हा उपचार बहुधा दीड ते दोन वर्षे चालतो.

यात फसगत होते ती एका जागी. पुढचे दात ओळीत येण्याचे काम सर्वांत आधी, पहिल्या पाच-सहा महिन्यांतच होते. आरशात पाहणाऱ्याला वाटते, झाले काम. प्रत्यक्षात तेव्हा दाताचे फक्त डोके सरळ झालेले असते. मुळे अजून तिरपीच असतात, फटी उघड्या असतात, दाढांची चावण नीट बसलेली नसते. रोपाचा शेंडा दोरीने सरळ बांधला म्हणून बुंधा सरळ होत नाही, त्यातलाच हा प्रकार. सरळ दिसणे म्हणजे उपचार पूर्ण होणे नव्हे, एवढे एक वाक्य प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे.

अर्ध्यावर सोडण्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे तार तोंडातच ठेवून दवाखान्यात जाणे बंद करणे. यात सर्वांत जास्त नुकसान आहे. तारेला अडकवलेल्या रबरी साखळीचा जोर काही आठवड्यांत उतरतो, म्हणजे हवे ते काम थांबते. पण नको ते काम थांबत नाही. ब्रॅकेट निघाला की तो दात भरकटतो. वाकलेली तार दाताला भलत्याच दिशेने ढकलते आणि पाहायला कोणी नसते. दाढेला बसवलेल्या कड्याखालचे सिमेंट झिजले तर तिथे अन्न साचून आतल्या आत कीड लागते. ब्रॅकेटभोवती साफसफाई झाली नाही तर चार आठवड्यांतही पांढरे डाग दिसू लागतात. हे डाग म्हणजे दाताच्या वरच्या थरातला चुना निघून गेल्याची खूण, किडीची पहिली पायरी. पुढे काळजी घेतल्याने ते थोडे फिके होतात, पण पुष्कळांच्या दातांवर ते कायमचे राहतात.

त्यात फडावरची परिस्थिती लक्षात घ्या. पहाटे चारला उठायचे, पाणी लांबून आणायचे, कोपीत दिवा नाही. ब्रश करायला पाच मिनिटे आणि तांब्याभर पाणी कुठून काढायचे? राखुंडी किंवा कडुनिंबाची काडी तारेच्या खाली पोहोचत नाही. आणि चहूबाजूंना ऊस! ऊस दाताने सोलून खाण्याइतकी वाईट गोष्ट तारेला दुसरी नाही. ब्रॅकेट तर निघतोच, वर गोड रस तारेत अडकून बसतो. पण फडातल्या लेकराला ऊस खाऊ नको म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने?

दुसरा प्रकार म्हणजे मुदतीआधीच तार काढून टाकणे. लग्न ठरले, पैसे संपले, दहावीचे वर्ष आले किंवा कंटाळा आला, म्हणून लोक डॉक्टरांना तार काढायला लावतात. काही जण तर घरीच पकडीने उपटतात. त्यात दाताचा वरचा थर उचकटतो, हे कधीही करू नये. तार निघाल्यावर नवे हाड अजून कच्चेच असते आणि ताणलेले तंतू दाताला पुन्हा जुन्या जागेकडे ओढू लागतात. पहिल्या काही आठवड्यांत ही ओढ सर्वांत जास्त असते. ज्यांच्या उपदाढा काढलेल्या असतात त्यांचे नुकसान दुहेरी आहे. दात गेलेला असतो आणि फटही तशीच राहते. शेजारचे दात त्या फटीत कलंडतात, तिथे अन्न अडकते, हिरड्या सुजतात. चावण नीट न बसल्याने काही ठरावीक दातांवरच सगळा भार येतो आणि ते झिजतात.

तिसरा प्रकार घडतो तो उपचार पुरा झाल्यावर. तार काढल्यानंतर डॉक्टर रिटेनर देतात, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी पट्टी. ती कोणाला काढता-घालता येते, तर कोणाला दातांच्या मागच्या बाजूला बारीक तारेने कायमची चिकटवतात. आपले लोक समजतात, तार गेली म्हणजे सुटका झाली. पट्टी डबीत, डबी फळीवर, आणि वर्षभराने दात पुन्हा वाकडे. नॉर्वेचे संशोधक राइटान यांनी १९५९ साली कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून दाखवले, की फिरवलेला दात २३२ दिवस धरून ठेवला तरी हिरडीतले तंतू ताणलेलेच राहतात. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून पूर्ण उपचार झालेल्या ६५ जणांचे दात, पट्टी सोडून किमान दहा वर्षे झाल्यावर पुन्हा तपासले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले ३० टक्क्यांहूनही कमी निघाले. पूर्ण उपचार घेतलेल्यांची ही स्थिती, तर अर्ध्यावर सोडणाऱ्यांची काय असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

पुन्हा सुरू करता येतो का? येतो. पण तो जिथे थांबला तिथून पुढे सुरू होत नाही. आधी कीड भरावी लागते, हिरड्या बऱ्या कराव्या लागतात, नवे ठसे, नवे एक-रे काढावे लागतात. पैसे पुन्हा लागतात. शिवाय तार जितकी जास्त काळ तोंडात राहते, तितका दातांची मुळे आखूड होण्याचा धोका वाढतो.

दोष कोणाचा?

दवाखान्यात अशा मुलांच्या आईबापांना सर्रास निष्काळजी म्हटले जाते. आम्हालाही ऐकून घ्यावे लागले. पण बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती हौसेने नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एक दिवस कामाला गेले नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. दाताला तार लावलेल्या मुलाला महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यायचे म्हणजे दर महिन्याला एक तरी खाडा, वर एसटीचे भाडे. उपचाराचा महिना आणि हंगामाचा महिना यांचा मेळ बसत नाही, हे खरे दुखणे आहे. ते डॉक्टरांना माहीत नसते, कारण आपण त्यांना सांगत नाही. लाज वाटते. ती लाज सोडली पाहिजे.

मग करावे काय?

तार बसवण्यापूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "आम्ही दसऱ्यानंतर पाच-सहा महिने बाहेर असतो. मूल मागे राहणार की सोबत येणार, हे असे असे आहे." एकूण खर्च किती, हप्ते कसे, रिटेनरचे पैसे त्यात धरले आहेत की वेगळे, ब्रॅकेट तुटला तर किती, हे आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे. मूल मागे राहण्याची सोय नसेल तर तार बसवण्याची घाई करू नये. मूल एका जागी राहील असे वर्ष येईपर्यंत थांबणे पुष्कळदा परवडते. दात मोठेपणीही सरकवता येतात. मात्र किती थांबावे, हे डॉक्टरांनाच विचारावे, कारण जबडा पुढे-मागे असेल किंवा टाळू फाटलेली असेल तर वयाला महत्त्व असते.

मूल मागे ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी दसऱ्यापूर्वीच शाळेत करावी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. त्यात ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक, अशी ८२ वसतिगृहे ठरवली गेली. आपल्या तालुक्यात ते चालू आहे का आणि जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारावे. मूल वसतिगृहात असो की आजीजवळ, महिन्याची तारीख कोणी पाळायची, त्या एका माणसाचे नाव घरात पक्के ठरवावे. "कोणीतरी नेईल" म्हटले की कोणीच नेत नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. खाजगी दवाखान्याच्या मानाने तिथे खर्च बराच कमी येतो. बीडहून ते सुमारे सव्वाशे किलोमीटर पडते आणि गर्दीमुळे नंबरला वेळ लागतो, म्हणून येण्या-जाण्याचा हिशेब आधी करावा. बीड शहरातही दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात विद्यार्थी डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. नुसती कीड किंवा सुजलेली हिरडी दाखवायची असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारावे.

तार असलेले मूल फडावर न्यावेच लागले तर निघण्यापूर्वी एकदा डॉक्टरांची भेट घ्यावी. रबरी साखळ्या काढून ओढ नसलेली साधी तार बांधता येते, म्हणजे दात आहेत तिथे धरून राहतात. सोबत फ्लोराइडची पेस्ट, लहान ब्रश आणि टोचणाऱ्या टोकावर लावायचे मेण मागून घ्यावे. ऊस दाताने न सोलता कोयत्याने बारीक कांड्या करून द्यावा, तोही कधीतरी, आणि नंतर खळखळून चूळ भरावी. शेंगदाणे, फुटाणे, कडक कणीस टाळावे. ब्रॅकेट निघाला तर मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवावा आणि ते सांगतील तसे करावे.

उपचार थांबवायचाच असेल तर सांगून थांबवा. ही आमची सर्वांत कळकळीची विनंती आहे. डॉक्टर तार नीट काढतात, दात घासून साफ करतात आणि जिथवर काम झाले तिथवर टिकावे म्हणून रिटेनर देतात. पैसे थकले म्हणून तोंड लपवू नये. अडचण सांगितली तर पुष्कळ डॉक्टर हप्ते लांबवून देतात. दुसऱ्या गावी जायचे असेल तर केसपेपर, एक्स-रे आणि दातांचे साचे मागून घ्यावेत. म्हणजे पुढच्या डॉक्टरांना पहिल्यापासून अंदाज बांधावा लागत नाही.

आणि ज्यांची तार आधीच महिनोन्महिने तशीच आहे, त्यांनी उद्याच जावे. रागावतील म्हणून जाणे टाळले तर दात वाट पाहत बसणार नाहीत. पहिल्या डॉक्टरांकडे जायला अगदीच जीव धजत नसेल तर दुसऱ्याकडे जावे, पण जावे.

आमच्या पुतणीचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. डॉक्टरांनी तिची तार काढली, दोन दातांची कीड भरली, हिरड्या बऱ्या होईपर्यंत रिटेनर दिला. जूनमध्ये तार पुन्हा बसली. आधीचे पाच महिन्यांचे काम आणि त्याचे पैसे वाया गेले, पांढरे डाग राहिले. यंदा दसऱ्याच्या आधी भावाने आणि आम्ही समोरासमोर बसून ठरवले. तान्हे आता चालू लागले आहे, ते आजीजवळ राहील, आणि पोरगी आमच्या घरी. दवाखान्याच्या तारखा तिने स्वतःच दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहिल्या आहेत. शेवटची खूण पुढच्या वर्षीच्या पानावर येणार, म्हणून जुनी दिनदर्शिका टाकायची नाही, नवीन आली की तारखा तिच्यावर उतरवायच्या, असा तिचा हुकूम आहे. तो हुकूम घरात सगळे पाळतात.